सांधा दिसता कामा नये : शिकागोच्या ‘क्लाउड गेट’चं प्रकरण

शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये स्टेनलेस स्टीलचा एक प्रचंड चकचकीत थेंब जमिनीवर दोन टोकं टेकवून उभा आहे. त्याचं नाव ‘क्लाउड गेट’, पण शिकागोकर त्याला ‘बीन’ म्हणतात आणि पर्यटकही तेच म्हणतात. लांबी 20 मीटर, रुंदी 13 मीटर, उंची 10 मीटर. मधल्या साडेतीन-पावणेचार मीटर उंचीच्या कमानीखालून माणसं आत जातात आणि वर पाहतात. वर पोटाच्या बाजूला खोलगट घुमट आहे आणि त्यात आपलीच दहा-वीस वेडीवाकडी रूपं दिसतात.

या शिल्पाविषयी लिहिताना ‘कॉम्प्युटरच्या मदतीने घडवलं’ असं एक वाक्य टाकून पुढे जायची पद्धत पडली आहे. माझं कुतूहल नेमकं त्या वाक्यापाशी अडतं. कॉम्प्युटरने यातलं काय केलं आणि काय त्याच्या हातात नव्हतं? 60 लाख डॉलरचा अंदाज शेवटी 2 कोटी 30 लाखांवर गेला, आणि उद्यानाचं उद्घाटन झालं तेव्हा शिल्प अर्धवट होतं. कॉम्प्युटरवरचं आकाराचं मॉडेल मात्र चुकलं नव्हतं. म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे.

मागणी काय होती

मिलेनियम पार्क म्हणजे 24.5 एकरांची गच्ची आहे, असं म्हटलं तरी चालेल. खाली रेल्वेचे रूळ आणि गाड्यांचं भूमिगत पार्किंग, वर बागा, खुला रंगमंच, कारंजी. महापौर रिचर्ड डेली यांच्या कारकिर्दीतला हा प्रकल्प 2000 साली पुरा व्हायचा होता, तो 2004 मध्ये उघडला. खर्च 15 कोटी डॉलरवरून 47.5 कोटींवर गेला. शिल्पाच्या खर्चवाढीकडे पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते. घरच असं वाढत असताना एक खोली वेळेत आणि मोजक्या पैशात व्हायची अपेक्षा फारशी कोणी धरली नसावी.

1999 मध्ये उद्यानाचे अधिकारी आणि कलासंग्राहक यांच्या समितीने अनेक कलावंतांच्या कामातून दोघांची निवड करून प्रस्ताव मागवले: जेफ कून्स आणि अनिश कपूर. कून्स यांनी काच आणि पोलादाची सुमारे 46 मीटर उंच घसरगुंडी सुचवली, तीत वर बसून शहर पाहण्यासाठी सज्जासुद्धा होता. समितीने कपूर यांचा प्रस्ताव घेतला. शिल्पाचा सगळा खर्च खाजगी देणग्यांतून झाला, म्हणून पुढे बिल तिप्पट-चौपट होऊनही नगरपालिकेच्या सभागृहात रणकंदन झालं नाही. आपल्याकडच्या एखाद्या चौकातल्या शिल्पाच्या बाबतीत एवढी मोकळीक मिळणं अवघडच.

कपूर मूळचे मुंबईचे, जन्म 1954 चा. त्यांच्या आईचं कुटुंब बगदादहून आलेलं ज्यू कुटुंब. आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे होते. कपूर 1970 च्या दशकात शिकायला इंग्लंडला गेले आणि तिथलेच झाले. मुंबईने त्यांचं काम मोठ्या प्रमाणावर पाहिलं ते फार उशिरा, 2010 च्या अखेरीस वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत. शिकागोच्या आधी त्यांनी दोन कामांत पाणी जोखून पाहिलं होतं. 2001 मध्ये नॉटिंगहॅमच्या नाट्यगृहासमोर ‘स्काय मिरर’ हा सहा मीटर व्यासाचा स्टीलचा खोलगट आरसा बसवला. 2002 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या टर्बाइन हॉलमध्ये ‘मार्सियस’ ताणलं. पोलादाच्या तीन कड्या आणि त्यांच्यामध्ये 150 मीटरहून लांब लाल पीव्हीसीचा पडदा. यातल्या पहिल्या कामात आरसा होता पण आकार सोपा होता, दुसऱ्यात आकार अवघड होता पण आरसा नव्हता. शिकागोला दोन्ही अवघड गोष्टी एकत्र आल्या.

आरसा काहीच लपवत नाही

पुण्याच्या तांबट आळीतला हंडा आठवा. त्याच्यावरचं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची ती एकसारखी नक्षी, भांड्याला मजबुती देतं आणि पत्र्यातला बारीकसारीक उंचसखलपणाही पोटात घालतं. डोळ्याला हजार छोटे खळगे दिसतात, म्हणून एखादा चुकीचा खळगा दिसत नाही. आरशासारख्या पृष्ठभागाला ही सवलत नाही.

गणित साधं आहे. आरसा जेवढ्या कोनात हलतो त्याच्या दुप्पट कोनात परावर्तित किरण हलतो. समजा दोन पत्रे जोडताना त्यांच्यात एका अंशाच्या दहाव्या भागाएवढा कोन पडला. हाताने चाचपून तो कळायचा नाही. पण त्यातून दिसणाऱ्या इमारतीची रेघ अंशाच्या पाचव्या भागाने मोडणार. दोनशे मीटरवर उभी इमारत असेल तर ढोबळमानाने तिची कड सत्तर सेंटिमीटर सरकल्यासारखी होणार. शिकागोसारख्या शहरात, जिथे शिल्पासमोर सरळ उभ्या कडांचे टॉवर एकाशेजारी एक उभे आहेत, तिथे हा मोड पोरालाही दिसेल. शिवाय शिल्पाची मूळ कल्पनाच ती होती: ढग आणि शहराची क्षितिजरेषा न तुटता त्याच्या अंगावरून वाहत जावी. एकही सांधा दिसता कामा नये. वजन, वारा, थंडी या सगळ्या अडचणींपेक्षा हीच अट जड होती, आणि अनुभवी वास्तुविशारदांनाही ती जवळजवळ अशक्य वाटत होती.

इथे कॉम्प्युटर मॉडेलचं खरं काम सुरू होतं. मोटारीची बॉडी आखणारे लोक ज्याला पृष्ठभागाचं सातत्य म्हणतात, त्याच्या पायऱ्या असतात. दोन तुकडे एकमेकांना नुसते भिडणं ही पहिली. भिडताना दोघांचा उतार एकच असणं ही दुसरी. उताराबरोबर वक्रतेचाही धागा न तुटणं ही तिसरी. साध्या रंगवलेल्या वस्तूला दुसरी पायरी पुरते. आरशाला तिसरी लागते, कारण उतार जुळला आणि वक्रता एकदम बदलली तरी प्रतिबिंबात तिथे झटका दिसतो. हे तपासायला सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभागावर झेब्र्यासारखे काळेपांढरे पट्टे पाडून पाहतात. पट्टे सुळसुळीत वाहिले तर ठीक, कुठे अडखळले तर तिथे दोष. कपूर यांच्या आकाराला ही शिस्त लावणं कागदावरच्या छेदचित्रांनी जमलं नसतं. बाहेरून फुगीर आणि पोटात खोलगट, अशा दोन उलट स्वभावांचे पृष्ठभाग कमानीच्या काठावर एकमेकांत मिसळायचे होते, आणि तेही कुठे रेघ न पडता.

तरी सुरुवात पडद्यावर झाली नाही, याची नोंद घ्यायला हवी. कपूर यांनी पसंत केलेला आकार पॉलियुरेथेनच्या घट्ट फोमचा होता, हातात धरून फिरवता येणारा. त्या फोमच्या नमुन्यावरून बाहेरचं कवच आणि आतली संरचना आखली गेली. माझ्या मते हा क्रम योग्य होता. पडद्यावर कोणताही गोलाकार देखणा दिसतो, कारण तिथे माणसाच्या उंचीचं भान राहत नाही. खरोखरचा नमुना टेबलावर ठेवून डोळा त्याच्या पायाशी नेला की कमानीखाली उभं राहिल्यावर काय दिसेल त्याची थोडी कल्पना येते.

साठ टन की एकशे दहा?

मॉडेलने जे सांगितलं नाही त्याची पहिली किंमत वजनात मोजावी लागली. सुरुवातीचा अंदाज 60 अमेरिकी टनांचा, म्हणजे आपल्या मेट्रिक हिशेबाने 54 टनांचा. तयार शिल्प निघालं 110 अमेरिकी टनांचं, जवळपास 100 मेट्रिक टन. जवळजवळ दुप्पट.

हे कसं झालं? पडद्यावरच्या पृष्ठभागाला जाडी नसते. आकार बरोबर आहे की नाही हे तो सांगतो, तो आकार धरून ठेवायला किती जाड पत्रा लागेल ते वेगळं ठरवावं लागतं. नुसत्या ताकदीचा हिशेब केला असता तर पातळ पत्राही पुरला असता. पण पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने ओढला जातो, त्याला लाटा पडतात, डब्याच्या झाकणासारखा तो आत-बाहेर पचकतो, आणि आरशात ती प्रत्येक लाट दिसते. अशा कामात जाडी ठरते ती नजरेच्या अपेक्षेवरून, आणि ती अपेक्षा प्रत्यक्ष पत्रा घडवून पाहिल्याशिवाय आकड्यात मांडता येत नाही. शेवटी पत्रे सुमारे 10 मिलिमीटर जाडीचे घेतले गेले. एकेका पत्र्याचं वजन 450 ते 910 किलो.

वजन वाढलं आणि त्याचा धक्का खाली पोचला. शिल्प जिथे उभं आहे त्याच्या पोटात एक रेस्टॉरंट आहे, आणि त्याच्या मागच्या बाजूला रेल्वेचे रूळ आणि पार्किंग यांना विभागणारी मोठी रिटेनिंग वॉल. शिल्पाचा बराचसा भार ही भिंत घेते. रेस्टॉरंटचं छत जास्त मजबूत करावं लागलं, शिल्प यायच्या आधी भिंतीला आणि पार्किंगच्या पायाला जादा आधार द्यावे लागले. चौकाच्या फरशीखाली आडव्या तुळया आहेत आणि टाय रॉडनी, म्हणजे ताणून धरणाऱ्या सळ्यांनी, शिल्पाची आतली संरचना त्यांना बांधलेली आहे. वरून पाहणाऱ्याला वाटतं, पाऱ्याचा थेंब अलगद टेकला आहे. खाली मात्र एवढा व्याप.

आतली संरचना आखली लंडनच्या एरोट्रोप या कंपनीचे अभियंते ख्रिस हॉर्नझी-जोन्स यांनी. त्यांच्यापुढचे प्रश्न दोन. पहिला, कवचाला आतून आधार द्यायचा, पण तो कोणत्याही एका बिंदूवर जोर देता कामा नये. दिला तर बाहेरून तिथे टेंगूळ उमटणार. दुसरा, शिकागोचं हवामान. हिवाळ्यात उणे वीस, उन्हाळ्यात उन्हात तापलेलं धातूचं अंग चाळीसच्या वर. साठ अंशांचा फरक धरला तर वीस मीटर लांबीचं स्टेनलेस स्टील जवळपास दोन सेंटिमीटर लांबतं-आखडतं. ते घट्ट जखडलं तर आरशाला सुरकुती पडणार. म्हणून आत स्टेनलेस स्टीलच्या दोन मोठ्या कड्या बसवल्या, एकमेकींपासून स्वतंत्र हलू शकतील अशा, आणि कवच या कड्यांवर मोकळं राहील अशी व्यवस्था केली. फेब्रुवारी 2004 मध्ये या कड्या जागेवर आल्या. उभारणीच्या काळात त्यांच्यामध्ये पाइपांच्या कैच्या जोडल्या होत्या.

तापमान, वारा, भार या बाबतीत कॉम्प्युटरचं विश्लेषण निर्विवाद कामाला आलं. अशा प्रश्नांत नियम माहीत असतात, आकडे घातले की उत्तर निघतं.

ओकलंडहून शिकागोला

पत्रे घडवायचं कंत्राट कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या परफॉर्मन्स स्ट्रक्चर्स या कंपनीकडे होतं. पहिला बेत असा की, शिल्प ओकलंडलाच पूर्ण जोडायचं आणि जहाजावर चढवून पनामा कालव्यातून अटलांटिकमध्ये, तिथून सेंट लॉरेन्सच्या जलमार्गाने पंचमहासरोवरांतून शिकागोला उतरवायचं. ऐकायला झकास. पण वाटेत एक ओरखडा पडला किंवा कवच जरा पिळलं गेलं तर सगळंच गेलं. तो बेत सोडला, आणि पत्रे सुटे ट्रकने पाठवून जागेवर जोडायचं ठरलं. जोडणीसाठी इलिनॉयमधली एमटीएच इंडस्ट्रीज ही कंपनी आली.

या निर्णयाने मॉडेलवरची जबाबदारी एकदम वाढली. एकाच शेडमध्ये जोडलं असतं तर एखादा पत्रा थोडा जास्त निघाला तरी तिथेच कापता-घासता आलं असतं. आता एकूण 168 पत्रे, प्रत्येकाचा वक्र वेगळा, आणि ते तीन हजार किलोमीटरवर जाऊन एकमेकांना चपखल भिडायचे. पत्र्यागणिक अर्धा मिलिमीटर चूक झाली तरी वीस मीटरच्या रांगेत शेवटचा पत्रा बसणारच नाही.

प्रत्येक पत्र्याचा आकार त्रिमितीय मॉडेलमधून काढला गेला. पत्रा वाकवायला मात्र इंग्लिश व्हील हे जुनं यंत्र वापरलं. दोन रोलरांच्या मधून पत्रा पुन्हा पुन्हा फिरवायचा, म्हणजे जिथे दाब जास्त तिथे धातू ताणला जाऊन पोटफुगी येते. विमानं आणि मोटारी हाताने बनत त्या काळापासूनचं हे तंत्र. फरक एवढाच की पत्रा किती वाकला हे पाहायला इथे रोबोटिक स्कॅनर होता. स्कॅन करायचा, मॉडेलशी ताडून पाहायचा, कमी असेल तर पुन्हा रोलरात घालायचा. मग मागच्या बाजूला कण्यासारख्या पट्ट्या वेल्ड करून पत्र्याला ताठपणा द्यायचा. ओकलंडमध्येच पत्र्यांना अंतिम चकाकीच्या 98 टक्क्यांपर्यंत पॉलिश केलं आणि पांढरी संरक्षक फिल्म चिकटवून ते रवाना झाले.

फळ काय मिळालं, तर शिकागोत पत्रे उचलून जागेवर लावताना एकाही ठिकाणी कापाकापी किंवा घासाघीस करावी लागली नाही. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दिवस काढलेल्या कोणालाही या एका वाक्याचं मोल कळेल. साइटवर ‘थोडा मटेरियल जास्त ठेव, तिथे बघू’ हा आपला लाडका मंत्र. इथे तो लागलाच नाही. या प्रकरणात कॉम्प्युटरचा सर्वांत मोठा विजय कोणता असं विचाराल तर मी हाच सांगेन. आकार सुचवणं, देखणं चित्र काढणं हे त्यामानाने किरकोळ.

सातशे चव्वेचाळीस मीटर

जून 2004 मध्ये शिल्पाभोवती मोठा तंबू ठोकून जोडणी सुरू झाली, पोटाच्या खोलगट घुमटापासून बाहेरच्या दिशेला. वेल्डिंगला साधी गन वापरली नाही, कीहोल पद्धतीची यंत्रं वापरली. या पद्धतीत तीव्र झोत पत्र्याला आरपार भोक पाडत पुढे सरकतो आणि मागे वितळलेला धातू ते भोक भरत येतो. सांधा पूर्ण जाडीभर भरतो आणि उष्णता अरुंद पट्ट्यात राहते, त्यामुळे पत्रा कमी ओढला जातो. अशा सांध्यांची एकूण लांबी भरली 2,442 फूट, म्हणजे 744 मीटर.

आता हे 744 मीटर नाहीसे करायचे होते. आणि उद्यानाचं उद्घाटन जुलै 2004 मध्येच ठरलेलं होतं.

काम मागे पडलं. उद्घाटनापुरता तंबू काढला आणि लोकांनी शिल्प पाहिलं ते अंगभर सांध्यांच्या रेघा असलेलं. अर्धवट काम लोकांसमोर आणणं कपूर यांना मुळीच रुचलं नाही, आणि ते स्वाभाविक होतं. पण लोकांना ते तसंही इतकं आवडलं की, लगेच पुन्हा तंबू ठोकायचा बेत अधिकाऱ्यांनी काही महिने पुढे ढकलला. ‘बीन’ हे टोपणनाव याच सुमारास रूढ झालं. कपूर यांना ते अगदी मूर्खपणाचं वाटलं. त्यांनी शिल्पाला ‘क्लाउड गेट’ हे नाव त्यानंतर दिलं, तोवर बारसं होऊन गेलं होतं.

जानेवारी 2005 मध्ये तंबू परत लागला. पोलादकाम करणाऱ्यांच्या युनियनचे 24 कामगार सहा मजली परांचीवर चढले. जिथे परांची पोचत नव्हती तिथे गिर्यारोहकांसारखे दोर आणि पट्टे बांधून लटकले. प्रत्येक सांध्यावर पाच टप्प्यांचं काम. आधी ग्राइंडरवर 40 नंबरचा खरखरीत कागद लावून वेल्डचा उंचवटा काढायचा (नंबर जेवढा मोठा तेवढा कागद बारीक). मग 80 ते 120 नंबरने त्याला आजूबाजूच्या वक्राचं वळण द्यायचं. मग 400 पर्यंत जात ते वळण गुळगुळीत करायचं. नंतर 400 ते 800 ने आधीच्या कागदांचे ओरखडे घालवायचे. शेवटी बफिंगचं चाक आणि सराफ वापरतात तसला रूज, म्हणजे चकाकी आणणारी बारीक पूड.

यातला दुसरा आणि तिसरा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे घासणारा माणूस पृष्ठभागाची भूमिती पुन्हा घडवत असतो. ग्राइंडर एक सेकंद जास्त थांबला तर तिथे खळगा, आणि खळग्यात शेजारच्या टॉवरची कंबर वाकडी. मॉडेलमध्ये सांध्याच्या जागी आदर्श वक्र होताच. पण मॉडेलमधला वक्र ग्राइंडरच्या मुठीत उतरवायला मधे काही यंत्रणा नव्हती. होते ते डोळे, तळहात आणि उजेडात तिरकं पाहायची सवय. रोबोटला हे त्या वेळी जमलं नसतं असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण सहा मजली परांचीवर, दर मीटरला बदलणाऱ्या वक्रावर आणि डोक्यावर उलट्या धरलेल्या पृष्ठभागावर कोणी ते करूनही पाहिलं नाही. शहाणपणाच केला.

वरचा आणि बाजूचा भाग ऑगस्ट 2005 मध्ये उघडा झाला. ऑक्टोबरात पोटाचा घुमट बंद करून त्याचं पॉलिश चाललं. 15 मे 2006 ला शिल्पाचं रीतसर लोकार्पण झालं, उद्यान उघडल्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी.

पैसा कुठे गेला

1999 चा अंदाज 60 लाख डॉलर. उद्यान उघडताना 1 कोटी 15 लाख. शेवटी 2 कोटी 30 लाख. म्हणजे शिल्प उभं राहिल्यानंतर, ज्या काळात त्यात एक पत्राही नव्याने लागला नाही, त्या दोन वर्षांत आकडा दुप्पट झाला. कुठल्या टप्प्याला किती, याचा हिशेब इथे मांडायचा नाही. पण त्या काळात मुख्य काम सांधे नाहीसे करण्याचं होतं, हे उघड आहे.

आपल्याकडे फॅब्रिकेशनचा भाव बहुधा किलोवर ठरतो. मटेरियल किती टन, दर काय, वर पॉलिशचा काही टक्के. अमेरिकेत हिशेब वेगळ्या पद्धतीने होत असेल, पण या प्रकरणातली चूक त्याच जातीची दिसते. वजनाचा अंदाज दुपटीने चुकला खरा, पण तो दुरुस्त केला असता तरी खर्चाचं उत्तर बरोबर आलं नसतं. या शिल्पात खर्चाचं माप टन नव्हतं, सांध्याचा धावता मीटर होतं. आणि गंमत म्हणजे ते माप कॉम्प्युटरकडे होतं. 168 पत्र्यांची विभागणी मॉडेलमध्ये झाली त्याच दिवशी सांध्यांची एकूण लांबी एका आज्ञेत मिळाली असती. मग दोन-तीन मीटर सांधा वेल्ड करून, पाचही टप्पे घासून, घड्याळ लावून पाहायचं आणि 744 ने गुणायचं. पोटाच्या बाजूला जिथे हात वर करून काम करायचं तिथे वेळ वाढवून धरायचा. तरीही अंदाज चुकला असता, पण चौपट नसता चुकला. मागाहून शहाणपण सांगणं सोपं असतं हे मान्य. तरी मॉडेलला आकार आणि ताकद विचारून थांबायची सवय आजही सर्रास आहे, म्हणून एवढं लिहिलं.

पत्रे मोठे आणि संख्येने कमी करता आले असते का? सांधे कमी झाले असते हे खरं. पण मोठा पत्रा दुहेरी वक्रात वाकवणं जास्त कठीण, आणि ट्रकच्या रुंदीलाही मर्यादा. टनभराच्या आतबाहेरचा पत्रा यंत्रात फिरवणंच पुरेसं जिकिरीचं होतं. मला वाटतं विभागणी ठीक होती. तिची किंमत आधी मोजली गेली नाही, एवढंच.

नंतरची वर्षं

कपूर यांच्या करारात शिल्प 1,000 वर्षं टिकावं अशी अपेक्षा लिहिलेली आहे. त्या मानाने देखभाल घरगुती म्हणावी अशी. खालचे सहा फूट, जिथे माणसांचे हात पोचतात, दिवसातून दोनदा हाताने पुसतात. वर्षातून दोनदा दीडशे लिटर डिटर्जंट घालून सगळं अंग धुतात. 2009 मध्ये कोणीतरी शिल्पाच्या उत्तर टोकाला दोन नावं कोरली, इंचभर उंचीच्या अक्षरांत. ती काढायला पुन्हा तोच घासकामाचा मार्ग. 10 मिलिमीटर जाड पत्र्याचा फायदा इथे झाला: वर लेप नाही, मुलामा नाही, आरपार एकच धातू आहे, त्यामुळे ओरखडा खोल असला तरी आजूबाजूचा वक्र थोडा उतरवून तो पुसता येतो. सुरुवातीला जास्त वाटलेल्या वजनाची ही दुसरी बाजू.

एक तक्रार मात्र राहते. 2005 च्या सुमारास व्यावसायिक छायाचित्रकारांना शिल्पाचे फोटो काढायला परवाना मागितला जाऊ लागला आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. सार्वजनिक जागेत शहराचाच आरसा उभा करायचा आणि त्यात दिसणाऱ्या शहराचा फोटो काढायला अडवायचं, हे कायद्यात बसत असेल, मला पटत नाही.

या प्रकरणाचा पुढचा अंक न्यूयॉर्कमध्ये आहे. मॅनहॅटनच्या ट्रायबेका भागात 56 लेनर्ड स्ट्रीट या उंच इमारतीच्या कोपऱ्याखाली दबल्यासारखं कपूर यांचंच एक छोटं भावंड 2023 मध्ये पूर्ण झालं. लांबी सुमारे साडेचौदा मीटर, वजन 40 अमेरिकी टन, पत्रे 38. त्याच्याजवळ जाऊन पाहिलं तर पत्र्यांच्या मधे केसाएवढ्या बारीक रेषा दिसतात. शिकागोत ज्या सांध्यांसाठी एवढा वेळ आणि पैसा ओतला, ते इथे दिसू दिले आहेत. काही जणांना त्यात कसर वाटते. मला तो हिशेबी निर्णय वाटतो: पत्रे एवढे नेमके घडवता येत असतील की मधली फट रेषेपुरतीच उरेल, तर ती रेषा घासत बसायचं की ठेवायची हे पडद्यावर काम चालू असतानाच ठरवता येतं. प्रतिबिंब त्या रेषेपाशी तुटतं हे खरं, पण पलीकडे जाताना वाकत नाही.